सैन्याचा हिरवा

जेवताना बोलू नये, हा नियम ज्याने कुणी केला असेल त्याला नक्की एक साडू असणार. मला हा नियम लहानपणापासून तोंडपाठ आहे. तरीही त्या रविवारी सासुरवाडीच्या जेवणाच्या टेबलावर मी बोललो आणि पुढचं सगळं रामायण घडलं.

विषय होता सासऱ्यांच्या ऐंशीव्या वाढदिवसाचा. सासरे स्वतः टेबलावर नव्हते. ते अजून फौजी पद्धतीने जेवतात, म्हणजे आपला पहिला घास गिळून होईपर्यंत त्यांचं ताट धुऊन पालथं पडलेलं असतं. ते आत जाऊन आडवे झाल्याची खात्री करून साडूंनी गळा साफ केला. साडू म्हणजे माझ्या थोरल्या मेव्हणीचे यजमान. या गृहस्थांना सगळं येतं. कुठे नळ गळताना दिसला की ते खिशातून पाना काढतात. आता मला सांगा, पाहुणा म्हणून जाताना खिशात पाना घेऊन कोण जातं? हे जातात.

"आम्ही बाबांना भिंतभर टीव्ही देतोय," साडू म्हणाले. "तुमचं काय? परत घड्याळ?"

हे मला झोंबलं. आम्ही आजवर दिलेली घड्याळं सासऱ्यांच्या घरात खोलीखोलीत टांगलेली आहेत आणि प्रत्येक खोलीत वेगळे वाजलेले असतात, हे खरं आहे. पण म्हणून ते चारचौघांत बोलून दाखवायचं?

"यंदा मी स्वतःच्या हाताने रंगवलेला पुतळा देणार आहे," मी म्हणालो. "पॅराट्रूपरचा."

बायकोने टेबलाखालून माझा पाय दाबला. मी गप्प बसावं म्हणून ती नेहमी पाय दाबते, फक्त दरवेळी मी बोलून झाल्यावर दाबते.

"हाताने?" साडूंनी विचारलं. "तुम्ही?"

आता यातला 'तुम्ही' कुणालाही लागला असता. पण माझ्या वर्मी लागण्याचं कारण साडू नव्हते, आत आडवे झालेले सासरे होते. सासरे तरुणपणी युद्धात विमानातून छत्री बांधून उड्या मारायचे. दिवाणखान्यात त्यांचा त्या वेळचा एक काळापांढरा फोटो आहे, शिरस्त्राण घातलेला. त्यात त्यांचं नाक तेवढं ओळखू येतं. युद्धाबद्दल ते चकार शब्द बोलत नाहीत. मला मात्र भेटलो की एकच प्रश्न विचारतात, "काय जावईबापू, हाताने काही करता की नुसतेच कागद?" मी ऑफिसात आवक-जावक विभागात आहे. आलेला कागद आत घेणं आणि आतला कागद बाहेर पाठवणं हे माझं काम. त्यामुळे लग्न झाल्यापासून या प्रश्नावर मी फक्त हसत आलो आहे. सासऱ्यांकडे शाबासकीचा शब्दही एकच आहे, 'बरोबर'. साडूंनी नळ दुरुस्त केला, "बरोबर." साडूंनी कपाटाचं दार बसवलं, "बरोबर." मला तो शब्द अजून एकदाही मिळालेला नव्हता. खोटं कशाला बोलू, मला तो हवा होता.

आमच्या ऑफिससमोर छंदाच्या वस्तूंचं एक दुकान आहे. त्याच्या काचेत तो पुतळा मी रोज जाता-येता बघायचो. छातीपर्यंतचा पॅराट्रूपर, रेझिनचा, राखाडी, कोरा. खोक्यावर मात्र त्याचं रंगवून झालेलं चित्र होतं. चेहऱ्यावर दाढीचे खुंट, कपाळावर घाम, शिरस्त्राणाच्या जाळीला माती. हा आत्ता आपल्याला पत्ता विचारेल असं वाटायचं. दुकानदाराने खोकं बांधता बांधता विचारलं, "आधी केलंय का असं काही?" मी म्हणालो, "घरचे दरवाजे मीच रंगवतो." त्याने न विचारताच रंग उतरवायच्या थिनरची मोठी बाटली पिशवीत टाकली.

खोक्यातून डोकं, धड, शिरस्त्राण आणि हनुवटीचा पट्टा असे सुटे सुटे भाग निघाले. सोबतच्या कागदावर लिहिलं होतं, की साच्याचं तेल निघून जाण्यासाठी सर्व भाग साबणाच्या पाण्याने धुवावेत. मी आज्ञाधारक माणूस आहे. स्वयंपाकघरात पातेल्यात कोमट पाणी घेतलं आणि ब्रशने घासायला लागलो. तेवढ्यात समोरच्या वहिनी दार उघडं बघून वाटीभर साखर मागायला आल्या.

"भावजी, काय धुताय?"

"डोकं," मी म्हणालो.

वहिनींनी आधी माझ्या डोक्याकडे पाहिलं, मग पातेल्यात पाहिलं आणि साखर न घेताच गेल्या. दिवे लागणीच्या आत अख्ख्या इमारतीला कळलं, की आमच्याकडे एका माणसाचं डोकं पातेल्यात आहे. ब्रश बायकोचा दात घासायचा होता हे मात्र फक्त बायकोला कळलं. त्यावर जे झालं ते आमच्या घरातलं आहे, ते इथे नको.

धुऊन झाल्यावर घासणं. साच्याचे दोन भाग जिथे जुळतात तिथे एक बारीक रेघ उठते, ती पॉलिश पेपरने हलकेच घालवायची असते. 'हलकेच' हा शब्द मी वाचला होता. पण एकदा हात चालायला लागला की माणसाला चेव येतो. रेघ गेली. रेघेबरोबर उजवा कानही गेला.

पहिल्या मजल्यावर निवृत्त हेडमास्तर राहतात. ते जिन्यात थांबून कुणालाही सल्ला देतात. त्यांनी कान नसलेलं डोकं हातात घेऊन फिरवून पाहिलं.

"घाबरायचं काय त्यात? लांबी भर. सुतार लाकडाची भोकं बुजवतात ती लांबी."

"सर, मला भोक बुजवायचं नाहीये. कान उगवायचाय."

"तेच ते. कान म्हणजे काय, किनारपट्टी. दोन आखातं आणि एक भूशिर." हेडमास्तर भूगोल शिकवायचे.

मी लांबीचा कान केला. पहिला वाळून पडला. दुसरा टिकला, पण डाव्यापेक्षा थोरला झाला. बायको म्हणाली, "अजून वेळ आहे, घड्याळ आणू या का?" मी फक्त तिच्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात काय होतं मला माहीत नाही, पण तिने घड्याळाचा विषय पुन्हा काढला नाही.

आता रंग. चेहऱ्याचं ठरलं होतं, कपड्यांचं ठरेना. खोक्यावरचा सैनिक दुसऱ्याच कुठल्या पलटणीचा होता. सासऱ्यांचा फोटो काळापांढरा. पुतळा त्यांच्यासाठी, तर रंगही त्यांचाच हवा, यावर मी ठाम होतो. शेवटी त्यांनाच फोन लावला.

"बाबा, तुमच्या त्या डगल्याचा रंग कसा होता हो?"

"कुठला डगला?"

"फोटोतला. उडी मारताना घालायचा."

"सैन्याचा."

"सैन्याचा हिरवा, पण म्हणजे नक्की कसा? गडद, की जरा पिवळट? त्यावर तपकिरी पट्टे होते ना?"

पलीकडून ते खेकसले, "सैन्याचा म्हणजे सैन्याचा. ठेवतो."

"त्यांना कपड्यांतलं काय कळतंय?" बायको म्हणाली. "अजून मोज्यांच्या जोड्या आई लावून देते."

तेव्हा सरकारी पातळीवर चौकशी करायचं मी ठरवलं. शहरात माजी सैनिकांचं कार्यालय आहे. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. निघण्याआधी हाताशी थोडा वेळ होता, म्हणून शिरस्त्राणाला आतून गोंद लावून बघू म्हटलं. हा गोंद क्षणात चिकटतो असं नळीवर लिहिलेलं होतं. जाहिरातीत लिहिलेलं सगळं खोटं असतं असं म्हणतात. हे खरं निघालं. माझा अंगठा शिरस्त्राणात अडकला तो निघेचना. रजा तर टाकलेली. मी अंगठ्यात शिरस्त्राण घालून तसाच कार्यालयात गेलो.

खिडकीमागे एक बाई बसल्या होत्या. त्यांनी आधी माझ्या अंगठ्याकडे पाहिलं.

"काय काम आहे?"

"पॅराट्रूपरच्या गणवेशाचा नेमका रंग हवा होता. युद्धाच्या वेळचा."

"कशासाठी?"

"रंगवायला."

"काय रंगवायला?"

"एक सैनिक."

बाई जरा मागे सरकल्या. "सैनिक हयात आहेत का?"

"सासरे आहेत. हा दुसरा, तो रेझिनचा."

"हयात असतील तर त्यांचं संमतिपत्र लागेल. रेझिनचे असतील तरी सैनिकाच्या सहीशिवाय गणवेशाची माहिती देता येत नाही. आणि ते हातात काय आहे?"

"शिरस्त्राण," मी म्हणालो आणि नकळत अंगठा वर केला. बाईंना वाटलं मी त्यांच्या उत्तरावर खूश आहे. त्यांनी मला अर्ज लिहायला सांगितला. उजव्या अंगठ्यात शिरस्त्राण असताना अर्ज लिहून बघा. आयुष्यभर दुसऱ्यांच्या अर्जांतलं अक्षर बघून मी नाकं मुरडली, त्याचं सगळं उट्टं त्या एका पानाने काढलं. अर्जाचं उत्तरही आलं, अगदी वेळेवर. 'आपण विचारणा केलेला रंग या कार्यालयाच्या अखत्यारीत येत नाही.' आवक-जावक विभागातला माणूस म्हणून मला त्या वाक्याचं कौतुक वाटलं. जावई म्हणून संताप आला.

अंगठा वहिनींनी सोडवला. नखांचा रंग काढायचं औषध त्यांनी कापसाने थेंब थेंब सोडलं. सोडवता सोडवता त्यांनी सगळी हकीकत काढून घेतली आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी माझ्या दारात हिरव्या वस्तूंची रांग लागली. वहिनींनी पडद्याचा तुकडा आणला. हेडमास्तरांनी आपला जुना रेनकोट आणला आणि तो लष्करी बनावटीचा आहे असं छातीवर हात ठेवून सांगितलं. तिसऱ्या मजल्यावरच्या डॉक्टरांनी दवाखान्यातली उशी पाठवली. सगळ्यांचं म्हणणं एकच, 'सैन्याचा हिरवा म्हणजे हाच.' दोन दिवसांत इमारतीत शेवाळी गट आणि मेंदी गट असे उघड दोन पक्ष पडले. शेवाळीचे पुढारी हेडमास्तर, मेंदीच्या वहिनी. जिन्यात एकमेकांना वाट द्यायचंही बंद झालं.

इथे माझ्या हातून एक चूक झाली आणि ती आमच्यासारख्या इमारतीत राहणाऱ्या माणसाच्याच हातून होऊ शकते. मला कुणाचंही मन मोडवेना. वहिनींनी गोंद काढून दिलेला. हेडमास्तरांनी कानाला भूगोल दिलेला. डॉक्टरांची उशी अजून घरात. म्हणून हेडमास्तर आले की मी शेवाळी हात मारायचो, वहिनी आल्या की त्यावर मेंदी. डॉक्टर आले की उशीकडे बघून थोडा निळसर. प्रत्येक जण "आता कसं!" म्हणून समाधानाने जायचा. सैनिक मात्र दिवसेंदिवस जाडजूड होत चालला. डगल्याच्या चुण्या बुजल्या. गुंड्या दिसेनाशा झाल्या. चेहऱ्यावरही सर्वांच्या सूचनांची पुटं चढून गालफडं भरली. युद्धात अर्धपोटी लढलेला माणूस बढती मिळालेल्या हेडक्लार्कसारखा दिसायला लागला.

साडू नेमके त्याच आठवड्यात सासऱ्यांकडे टीव्हीची भिंत मोजून परत जाताना आमच्याकडे डोकावले. त्यांनी पुतळा पाहिला. हसले नाहीत, हेच वाईट.

"प्रयत्न चांगला आहे," ते म्हणाले.

'प्रयत्न चांगला आहे.' ज्या मुलाला काठावरचे गुण पडतात त्याच्या प्रगतिपुस्तकावर लिहितात ते वाक्य. साडूंना जिन्यापर्यंत सोडून मी परत आलो, दाराला आतून कडी लावली आणि पिठाच्या डब्यात थिनर ओतून सैनिकाला त्यात बुडवला. डबा कुठला घ्यावा याचा मी विचार केला नाही हे कबूल. दोन तासांत शेवाळी, मेंदी, निळसर असं सगळं इमारतीचं एकमत सुटून डब्याच्या तळाशी बसलं. खालून परत तो राखाडी, रोड, करारी चेहरा निघाला. कान पुन्हा पडलेला.

बायको दारात उभी होती. डब्याबद्दल ती बोलेल असं मला वाटलं. ती म्हणाली, "कान मी करू का? तुमचा थोरला होतो."

तिने कान केला. एका बैठकीत. डाव्याला जुळणारा. मी काही बोललो नाही, कारण त्या क्षणी माझ्या तोंडूनसुद्धा 'बरोबर' एवढाच शब्द निघाला असता आणि तो मला सासऱ्यांसाठी राखून ठेवायचा होता.

त्यानंतर मी दार बंद ठेवून काम केलं. वहिनींना सांगितलं, घरात थिनरचा वास आहे. हेडमास्तरांना सांगितलं, डोळे आलेत. हे एका अर्थी खरंच होतं, कारण मी तेव्हा डोळ्यांवर येऊन पोचलो होतो. पुतळा रंगवणाऱ्यांना विचारा, डोळे म्हणजे काय चीज असते. मुगाएवढ्या जागेत पांढरं, त्यात बुबुळ, त्यात बाहुली, बाहुलीत चमक. श्वास रोखून एक डोळा जमला की दुसरा त्याच्याकडे बघायला लागतो. माझा सैनिक कधी स्वतःच्या नाकावर नजर ठेवायचा, कधी दोन्ही आघाड्या एकदम सांभाळायचा. मी सरावासाठी बाथरूमच्या पांढऱ्या फरश्या धरल्या. रोज आंघोळीआधी डोळ्यांच्या जोड्या काढायच्या. बायकोने तीन दिवस सहन केलं. चौथ्या दिवशी ती आतून ओरडली, "अहो, हे आधी पुसा! मला इथे उभं राहवत नाही!" मी पुसायला गेलो आणि खालच्या कोपऱ्यातली एक जोडी बघून थांबलो. ती सरळ बघत होती. दोन्ही डोळे, एकाच दिशेला. मी त्या फरशीसमोर पाटावर बसलो, सैनिकाला मांडीवर घेतला आणि ते डोळे तसेच्या तसे त्याच्या चेहऱ्यावर उतरवले.

रंगाचं मात्र मी माझ्याच मनाने ठरवलं. त्या काळ्यापांढऱ्या फोटोतला राखाडी किती गडद आहे ते बघत बसलो आणि तेवढ्याच गडद वाटेल असा हिरवा मिसळला. त्यावर तांबूस तपकिरी पट्टे. ते पट्टे म्हणजे माझी खरी कमाई. कडा किंचित पुसट, चुणीत गडद, चुणीच्या माथ्यावर फिक्या. एकेका पट्ट्यात मी माझ्या सगळ्या रविवारांची राख केली. शेवटचा हात मारून पुतळा टेबलावर ठेवला आणि लांब उभा राहून पाहिलं. मला माहीत आहे आपल्याच हातच्या कामाबद्दल असं बोलू नये. पण सुंदर झाला होता. मला रडू आलं, आणि थिनरचा वास आहे असं सांगायला त्या वेळी घरात कुणी नव्हतं.

वाढदिवसाला सासऱ्यांकडे घर भरलं होतं. साडूंचा टीव्ही भिंतीवर आधीच चढला होता आणि त्यावर एक धबधबा आवाज न करता कोसळत होता. सगळे आळीपाळीने त्यासमोर जाऊन "वा!" म्हणून येत होते. मी खोकं उघडून पुतळा टेबलावर ठेवला. धबधब्याकडची माणसं हळूहळू इकडे सरकली. कुणीतरी "अगं बाई!" म्हणालं. मेव्हणीने कानाची विशेष स्तुती केली. बायकोने माझ्याकडे पाहिलं, मी छताकडे पाहिलं.

साडूंनी मोबाइल बाहेर काढला.

"छान आहे हो," ते म्हणाले, "फक्त हिरवा चुकलाय." त्यांनी मोबाइल पुतळ्याच्या खांद्याला लावून धरला. त्यात कुठल्याशा संग्रहालयातल्या डगल्याचा फोटो होता. "हे बघा. मूळचा असा. तुमचा जरा पिवळट मारतोय. पट्टेही जास्त तांबडे आहेत. नाही, काम छान आहे. पण हिरवा चुकलाय."

सगळ्यांच्या माना मोबाइलकडे, मग पुतळ्याकडे, मग परत मोबाइलकडे गेल्या. आणि मला दिसलं. थोडासा, अगदी थोडासा, पण चुकला होता. तेवढ्यात मेव्हणी म्हणाली, "भांडताय कशाला? ज्यांनी घातलाय ते समोर बसलेत. बाबांना विचारा ना!"

सासरे खुर्चीतून उठले. चष्मा लावला. टेबलापाशी आले आणि वाकून पुतळ्याकडे पाहू लागले. ते इतका वेळ पाहत राहिले की टीव्हीवरचा धबधबा संपून जंगल लागलं. मग त्यांनी साडूंच्या मोबाइलकडे एकदा पाहिलं, परत पुतळ्याकडे पाहिलं आणि कंबर सरळ केली.

"बरोबर," ते म्हणाले. "अगदी हाच रंग. मोबाइलमधला चूक आहे."

साडूंनी मोबाइल खिशात ठेवला, पान्याच्या शेजारी. माझ्या कानात सनया वाजत होत्या. कोण काय बोलत होतं, केक कुणी कापला, मला काही ठाऊक नाही. थोड्या वेळाने सासऱ्यांनी माझं मनगट धरलं आणि मला मागच्या गॅलरीत नेलं. दार लोटून घेतलं.

"जावईबापू, एक विचारू? त्या डगल्यावर पट्टे-बिट्टे काही काढलेत का?"

मला वाटलं गंमत करतायत. "काढलेत की! तांबूस तपकिरी. तेच तर सगळ्यात..."

"असं होय. मला सपाट दिसतंय."

ते खाली रस्त्याकडे बघत होते.

"मला तांबडा आणि हिरवा कळत नाही," ते म्हणाले. "जन्मापासून. दोन्ही एकच. भरतीच्या वेळी डोळे तपासायला ठिपक्यांची चित्रं होती. पुढचा माणूस आकडे मोठ्याने वाचत होता, मी पाठ केले. तुमच्या सासूबाईंनासुद्धा माहीत नाही. तिला वाटतं मला कपड्यांची आवड नाही."

"बाबा, पण मग विमानात? तिथे तो दिवा असतो ना, तांबडा असेपर्यंत थांबायचं आणि हिरवा लागला की..."

"हं. शेजारीशेजारी दोन दिवे असायचे. अंधारात, विमान हेलकावे खात असताना, पेटलाय तो कुठला हे मला एकदाही कळलं नाही. दारात मी पहिला. समोर काळोख. दिवा आपला पेटलेला. कळायला मार्ग नाही. माझ्या मागे एक जण असायचा. त्यालाच काय ते ठाऊक होतं. हिरवा लागला की तो माझ्या पाठीवर थाप मारायचा. ती बसली की मी उडी मारायचो. प्रत्येक वेळी."

आतून हसण्याचा आवाज आला. मूर्खासारखं मी तेच विचारलं जे माझ्या मनात होतं. "म्हणजे हिरवा बरोबर आहे की चूक, हे तुम्हाला माहीतच नाही? मग बरोबर कशाला म्हणालात?"

सासऱ्यांनी चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसला.

"तुम्ही तिथे दारात उभे होतात," ते म्हणाले. "मागे कुणी दिसेना."

आणि त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. ऐंशी वर्षांच्या माणसाचा हात, पण मी अर्धं पाऊल पुढे गेलो आणि कठडा धरला. माझे डोळे भरून आले. बाथरूमच्या फरशीवरून उतरवलेली ती नजर सोडली, तर त्या घरात सरळ बघणारं त्या क्षणी कुणी नव्हतं. मग आम्ही दोघं आत गेलो, ते पुढे, मी मागे.

साडू पुतळ्यासमोरच उभे होते. त्यांच्या हातात परत मोबाइल होता.

"तुम्ही काहीही म्हणा," ते हळूच मला म्हणाले, "बाबांचं वय झालंय. नजर काय राहणार? हिरवा चुकलाच आहे."

"असेल," मी म्हणालो आणि केकचा तुकडा घेतला.

लग्न झाल्यापासून साडूंच्या म्हणण्याला मी 'असेल' म्हटल्याची ही पहिलीच वेळ. बायको शेजारीच होती. तिने ताट खाली ठेवलं आणि माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.